ऑनलाइन प्रसिद्धीपूर्वी कॉपीराइट: नोंदणी, पुरावा आणि परवानग्या

आपल्या प्रश्नाचा सारांश असा: आपण एका खासगी शाळेत शिकवता. मराठी कवितांचा एक संग्रह आणि एक कादंबरी लिहून तयार आहे. कादंबरी एकेक प्रकरण करून इंटरनेटवर प्रसिद्ध करण्याचा विचार आहे, तिच्यासाठी एका मैत्रिणीने रेखाचित्रे काढून दिली आहेत, आणि कथावाचनाच्या एका यूट्यूब वाहिनीने ध्वनिमुद्रणासाठी संमतिपत्रावर सही मागितली आहे. हे सारे लोकांसमोर येण्यापूर्वी कॉपीराइट मिळवावा लागतो का, त्याची रीत काय, आणि पुढे कोणी लेखन चोरलेच तर काय करता येते, असे आपण विचारले आहे. प्रताधिकाराच्या, म्हणजे कॉपीराइटच्या, वादांत लेखकांची बाजू मांडणारा वकील म्हणून मी जे पाहत आलो आहे त्याच्या आधारे उत्तर देतो. त्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. हक्क आपल्याजवळ आहेच. प्रसिद्धीपूर्वी तयारी करायची आहे ती पुराव्याची आणि मालकीच्या स्पष्टतेची.

भारतात हा विषय प्रताधिकार अधिनियम, १९५७ या कायद्याखाली येतो आणि तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आहे. या कायद्यानुसार साहित्यकृती, नाट्यकृती, संगीतरचना किंवा चित्र कागदावर, फाइलमध्ये किंवा अन्य माध्यमात उतरले की त्याच क्षणी हक्क निर्माण होतो. त्यासाठी अर्ज, शुल्क, शिक्का किंवा वर्तुळातले इंग्रजी ‘सी’ हे चिन्ह, यांतले काहीच आवश्यक नाही. १८८६ च्या बर्न या आंतरराष्ट्रीय कराराचे हेच तत्त्व आहे आणि भारत त्या कराराचा सदस्य असल्याने इतर सदस्य देशांतही आपल्या लेखनाला त्या-त्या देशाच्या कायद्याप्रमाणे संरक्षण मिळते. साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि निधनाच्या वर्षानंतर आणखी ६० वर्षे टिकतो. म्हणजे एखाद्या लेखकाचे निधन २००० साली झाले असेल तर त्याच्या लेखनावरील हक्क ३१ डिसेंबर २०६० पर्यंत वारसांकडे राहील. प्रती काढणे, लोकांपर्यंत पोचवणे, भाषांतर, नाट्यरूपांतर, चित्रपट, ध्वनिमुद्रण असे अनेक हक्क या एका हक्काच्या पोटात येतात. ते वेगवेगळे देता येतात, ही गोष्ट पुढे संमतिपत्राच्या संदर्भात उपयोगी पडेल.

मात्र संरक्षण कशाला मिळते याविषयी लेखकांच्या मनात बराच गोंधळ असतो. संरक्षण मांडणीला असते. कल्पनेला, विषयाला किंवा कथाबीजाला नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्पष्ट केले. आपल्या नाटकावरून दुसऱ्यांनी चित्रपट बनवल्याचा दावा एका नाटककाराने केला होता. प्रांतवादासारखा विषय दोन्हींत असला तरी मांडणी आणि हाताळणी वेगळी असल्याने तो दावा टिकला नाही. नुसत्या शीर्षकावरही प्रताधिकार नसतो, असे त्याच न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले. त्यामुळे आपल्या कादंबरीचे नाव दुसऱ्या कोणी वापरले तर प्रताधिकाराचा कायदा आपल्या मदतीला येणार नाही. दुष्काळी गावातून शहरात आलेल्या मुलीची गोष्ट ही कल्पना आपली एकटीची होऊ शकत नाही. त्या मुलीचा स्वभाव, प्रसंगांची साखळी, संवाद आणि वाक्ये ही मात्र आपली आहेत.

याचा व्यावहारिक परिणाम प्रकरणाप्रकरणाने लिहिणाऱ्यांनी लक्षात घ्यावा. पुढील भागांचा आराखडा, शेवट किंवा न लिहिलेल्या प्रकरणांचा गोषवारा वाचकांची उत्सुकता वाढवण्यासाठी आधीच जाहीर केला, तर त्यातील मोठा भाग कल्पनेच्या पातळीवरच राहतो आणि त्याला मिळणारे संरक्षण फार पातळ असते. मी तर संपूर्ण कादंबरी लिहून झाल्याखेरीज पहिले प्रकरण प्रसिद्ध करू नये असेच सांगेन. एखाद्या निर्मात्याला किंवा वाहिनीला कल्पना ऐकवायचीच असेल, तर ती लिखित टिपणाच्या रूपात आणि गोपनीयतेची अट घालून द्यावी. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स या प्रकरणात विश्वासाने सांगितलेल्या मालिकेच्या संकल्पनेला गोपनीयतेच्या तत्त्वावर संरक्षण दिले. ती संकल्पना तपशिलासह लिहिलेली होती आणि लेखकांच्या संघटनेकडे नोंदवलेली होती, याचा तेथे उपयोग झाला.

आता नोंदणीकडे वळू. नोंदणी सक्तीची नाही. कायद्याच्या कलम ४५ मध्ये ती ऐच्छिकच ठेवली आहे. तरीही हा प्रश्न वारंवार निघतो, कारण २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने नोंदणीवाचून दावा चालणार नाही असे म्हटले होते. त्याच न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०२१ मध्ये संजय सोया विरुद्ध नारायणी ट्रेडिंग कंपनी या प्रकरणात सविस्तर कारणे देऊन ते मत स्वीकारले नाही आणि दावा करण्यासाठी नोंदणीची पूर्वअट नाही असा निष्कर्ष काढला. आजचा प्रघात या दुसऱ्या मताप्रमाणे आहे. तरी नोंदणी निरर्थक नाही. कलम ४८ नुसार प्रताधिकार नोंदवहीतील नोंद हा तिच्यातील तपशिलांचा प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. न्यायालयात पहिल्याच तारखेला तातडीचा मनाई हुकूम मागताना हा एक कागद जे काम करतो, ते एरवी प्रतिज्ञापत्रांच्या जाड गठ्ठ्याने करावे लागते. पण प्रथमदर्शनी म्हणजे अंतिम नव्हे. समोरच्याने आपले लेखन आधीचे असल्याचे दाखवले तर नोंद कोसळते आणि न्यायालयाच्या आदेशाने ती काढलीही जाऊ शकते.

नोंदणी प्रताधिकार निबंधकांच्या कार्यालयात होते. हे कार्यालय नवी दिल्लीतील द्वारका येथे आहे, परंतु अर्ज त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून घरबसल्या करता येतो. नमुना क्रमांक १४ आणि त्यासोबतची तपशिलांची विवरणपत्रे भरून लेखनाची प्रत जोडावी लागते. साहित्यकृतीसाठी दर कृतीला ५०० रुपये शुल्क आहे. चित्रालाही तेवढेच, मात्र ते चित्र एखाद्या मालावर वापरले जाणार असेल तर २,००० रुपये. ध्वनिमुद्रणासाठी २,००० आणि चित्रपटासाठी ५,००० रुपये पडतात. अर्ज दाखल झाला की डायरी क्रमांक मिळतो आणि त्यानंतर ३० दिवस हरकतींसाठी थांबावे लागते. या हक्कात ज्याचा हितसंबंध आहे किंवा ज्याचा आपल्याशी वाद आहे अशा प्रत्येकाला अर्जाची माहिती कळवणे ही अर्जदाराची जबाबदारी असते. हरकत आली नाही तर तपासनीस अर्ज पाहतो, त्रुटी असल्यास पत्र येते आणि त्याचे उत्तर मुदतीत द्यावे लागते. हे त्रुटीचे पत्र ईमेलमध्ये न पाहिल्यामुळे अनेक अर्ज निकाली निघतात, म्हणून अर्ज केल्यावर संकेतस्थळावर त्याची स्थिती अधूनमधून तपासत राहावी.

अर्जात एक रकाना असा आहे की तेथे सर्वाधिक चुका होतात: कृती प्रसिद्ध झालेली आहे की अप्रसिद्ध. कलम ३ नुसार प्रती काढून किंवा लोकांना उपलब्ध करून देऊन कृती जनतेसमोर आणणे म्हणजे प्रसिद्धी होय, आणि इंटरनेटवर सर्वांना दिसेल असे लेखन ठेवणे त्यात बसते. म्हणून ज्या कविता आपण फेसबुकवर सर्वांसाठी खुल्या ठेवल्या असतील, त्या अर्जात अप्रसिद्ध म्हणून दाखवू नयेत. पहिल्या प्रसिद्धीचे वर्ष, देश आणि प्रसिद्ध करणाऱ्याचे नाव खरे लिहावे. उलट, कोणी आपल्या परवानगीवाचून आपले लेखन आधी टाकून दिले असेल, तर कलम ४ नुसार सर्वसाधारणपणे ती प्रसिद्धी मानली जात नाही. कादंबरी अजून कोठेही आलेली नसल्याने तिची नोंदणी अप्रसिद्ध कृती म्हणून सरळ होईल, आणि पुढे ती प्रसिद्ध झाल्यावर नोंदवहीतील तपशील बदलून घेण्याचीही सोय आहे.

नोंदणीचे प्रमाणपत्र हातात येईपर्यंत प्रसिद्धी थांबवण्याची गरज नाही. अर्जाची तारीख आणि त्यासोबत दिलेली प्रत हीच पुढे बोलतात. माझा सल्ला असा की कादंबरीची नोंदणी करावीच; कवितांचा संग्रह एकत्र बांधून एक साहित्यकृती म्हणून नोंदवावा; सुट्या कवितांसाठी वेगवेगळे अर्ज करत बसू नये. रेखाचित्रे ही स्वतंत्र कलाकृती आहेत आणि कादंबरीच्या अर्जाने त्यांची नोंदणी होत नाही. आणखी एक इशारा देणे आवश्यक वाटते. काही खासगी एजंट ‘जगभरचा कॉपीराइट’ मिळवून देतो असे सांगून हजारो रुपये घेतात आणि रंगीत प्रमाणपत्र पाठवतात. भारतात प्रताधिकाराची कायदेशीर नोंदवही एकच आहे आणि ती निबंधकांकडे आहे. जगभर चालणारी नोंदणी अस्तित्वातच नाही. चित्रपट किंवा मालिकेच्या पटकथेसाठी मात्र मुंबईतील स्क्रीनरायटर्स असोसिएशन ही लेखकांची संघटना आपल्या सभासदांच्या कथा-पटकथा नोंदवून घेते. ती सरकारी नोंदणी नसली तरी अमुक तारखेला हा मजकूर या लेखकाकडे होता हे दाखवण्यासाठी तिचा चांगला उपयोग होतो, आणि निर्मात्यांच्या जगात तिला वजनही आहे.

नोंदणीहून महत्त्वाचा, आणि जवळजवळ फुकट मिळणारा, पुरावा म्हणजे लेखनाच्या प्रवासाचा माग. प्रत्यक्ष वादात न्यायालयाला पटते ती एक तारीख नव्हे, तर कृती कशी घडत गेली त्याची मालिका: वहीतील खाडाखोड, पहिला खर्डा, बदललेली प्रकरणे, संपादकाला किंवा मित्राला पाठवलेला ईमेल, त्यावर आलेली प्रतिक्रिया. ज्याने उचलले त्याच्याकडे अंतिम मजकूर असतो. मधले टप्पे नसतात. म्हणून जुने खर्डे पुसू नका आणि दुरुस्त केलेली फाइल जुन्या फाइलवरच जतन करू नका. हस्तलिखित वह्या रद्दीत देऊ नका. केवळ आपल्या संगणकावरील फाइलची तारीख फारशी टिकत नाही, कारण ती बदलता येते आणि नुसती फाइल हलवली तरी बदलू शकते. त्याऐवजी तिसऱ्याच्या सर्व्हरवर नोंद राहील अशी व्यवस्था करावी: स्वतःला आणि दुसऱ्या विश्वासू व्यक्तीला पाठवलेला ईमेल, किंवा आवृत्त्यांचा इतिहास जपणारी ऑनलाइन कागदपत्रांची सेवा.

भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ हा कायदा १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी आला आहे. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात सादर करताना प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्याच्या विहित नमुन्यात फाइलचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेली अक्षरे व अंकांची ओळ. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखी ती त्या फाइलचीच असते आणि एक स्वल्पविराम बदलला तरी वेगळी येते. कादंबरीची अंतिम पीडीएफ तयार झाली की तिचे एसएचए-२५६ पद्धतीचे हॅश मूल्य काढून ते त्याच दिवशी ईमेलने पाठवून ठेवा आणि ती मूळ फाइल पुन्हा उघडून जतन करू नका. हे काम कोणत्याही संगणकावर काही मिनिटांत होते. स्वतःच्याच नावाने बंद पाकीट रजिस्टर्ड पोस्टाने पाठवून ते न फोडता जपण्याची जुनी पद्धत अनेकांना माहीत असते. ती बेकायदेशीर नाही, पण पाकीट नंतर उघडून पुन्हा बंद केले नसल्याची खात्री कोण देणार, हा प्रश्न उलटतपासणीत पहिल्याच मिनिटाला येतो. म्हणून तिच्या भरवशावर राहू नये.

लेखकांना क्वचितच ठाऊक असलेली एक तरतूद प्रताधिकार कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहे. प्रसिद्ध झालेल्या कृतीच्या प्रतींवर लेखक म्हणून ज्याचे नाव दिसते, तोच लेखक आहे असे न्यायालय गृहीत धरते, आणि हे खोडून काढण्याची जबाबदारी समोरच्यावर जाते. म्हणून नाव केवळ प्रोफाइलवर असून भागत नाही. ते मजकुरातच असावे. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी शीर्षकाखाली आणि शेवटी आपले नाव, वर्ष आणि ‘सर्व हक्क लेखिकेकडे’ अशी ओळ टाका. कविता चित्राच्या स्वरूपात देणार असाल तर नाव कडेला न ठेवता मजकुराजवळ ठेवा, म्हणजे कापून टाकणे अवघड होईल. टोपणनावाने लिहायचे असेल तर तसे लिहिण्यास काहीच हरकत नाही, आपल्या साहित्यात ती जुनी रीत आहे. परंतु टोपणनाव व खरे नाव यांची सांगड घालणारा एखादा दिनांकित कागद अवश्य ठेवा. लेखकाची ओळख उघड झालीच नाही तर कलम २३ नुसार हक्काची मुदत प्रसिद्धीपासून ६० वर्षे मोजली जाते, आणि ती लेखकाच्या हयातीपेक्षाही आधी संपू शकते.

मालकीची बाजू आता पाहू. कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणारा असतो. आपली कादंबरी आणि कविता शिक्षकाच्या कामाचा भाग नाहीत, त्यामुळे त्या आपल्याच आहेत. पण शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी शाळेने सांगितल्यावरून लिहिलेली नाटिका किंवा शाळेच्या कामासाठी तयार केलेली अभ्यासपुस्तिका यांची गोष्ट वेगळी असू शकते. ती संग्रहात घेणार असाल तर आधी संस्थेकडून लेखी ना हरकत पत्र घ्या. नेमणुकीच्या पत्रात बौद्धिक संपदेविषयी एखादे कलम आहे का तेही वाचून पाहा.

मैत्रिणीची रेखाचित्रे हा आपल्या प्रश्नातला सर्वांत नाजूक भाग आहे. त्यांवरचा हक्क तिचा आहे. तिने प्रेमाने, मोबदला न घेता चित्रे दिली याचा अर्थ हक्क दिला असा होत नाही. मोबदला दिला असता तरी परिस्थिती सरळ झाली नसती. कलम १७ मध्ये मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा, रंगचित्राचा आणि व्यक्तिचित्राचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो, पण पुस्तकातील प्रत्येक रेखाटन त्या शब्दांत बसते की नाही यावर वाद घालता येतो. मैत्री चांगली असतानाच एका पानाचा करार करा: कोणती चित्रे, कादंबरीच्या ऑनलाइन, छापील आणि ई-आवृत्तीत वापरण्याची परवानगी, चित्रकाराचे नाव कोठे येईल, पुढे पैसे मिळाल्यास वाटा किती, आणि मुखपृष्ठाचे चित्र जाहिरातीत वापरता येईल का. अशा कागदाने मैत्री बिघडत नाही. तो नसल्यामुळे बिघडलेली नाती मी पाहिली आहेत, बहुधा पुस्तक यशस्वी झाल्यानंतर.

यूट्यूब वाहिनीचे संमतिपत्र सही करण्यापूर्वी शब्दशः वाचा. त्यात हक्कांचे हस्तांतरण आहे की वापराचा परवाना, हे आधी शोधा. हस्तांतरणात हक्क आपल्याकडून जातो. परवान्यात तो आपल्याकडेच राहतो आणि वापरण्याची मुभा तेवढी दिली जाते. ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी’ असे वाक्य एका कथेच्या ध्वनिमुद्रणासाठी मागितले जात असेल तर ते नाकारावे. कायद्याने लेखकाला येथे बरेच पाठबळ दिले आहे. हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असल्याशिवाय वैध नाही. त्यात कृती, हक्क, मुदत, प्रदेश आणि मोबदला नमूद असावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. मिळालेला हक्क एका वर्षात वापरलाच नाही तर, करारात वेगळे म्हटले नसल्यास, तो परत येतो. परवान्यांनाही हे नियम आवश्यक त्या फेरबदलांसह लागू आहेत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करार करताना अस्तित्वातच नसलेल्या माध्यमाचा हक्क त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर दिला गेला असे मानत नाहीत. तरी एक लक्षात ठेवा, की मुदत आणि प्रदेश यांविषयीचे नियम करारात काही लिहिले नसेल तेव्हाच मदतीला येतात, आणि तयार नमुन्यांत बहुधा सारे आधीच लिहिलेले असते.

आपल्या बाबतीत परवाना असा असावा: विशिष्ट कथा किंवा प्रकरण, फक्त मराठी ध्वनिवाचन, फक्त त्या वाहिनीवर, अनन्य नसलेला (म्हणजे तोच हक्क इतरांनाही देता येईल असा), दोन किंवा तीन वर्षांसाठी, लेखिकेचे नाव ध्वनीत आणि वर्णनात दोन्हीकडे, आणि भाषांतर, नाट्यरूपांतर, चित्रपट व मालिका यांचे हक्क स्पष्ट शब्दांत राखून. ध्वनिमुद्रणावर त्याच्या निर्मात्याचा स्वतंत्र हक्क निर्माण होतो आणि वाचणाऱ्या कलावंतालाही स्वतःचे हक्क असतात. म्हणजे त्यांनी केलेले मुद्रण आपण आपल्या पुस्तकासोबत वाटू शकणार नाही, तसे हवे असेल तर तेही लिहून घ्या.

ज्या ठिकाणी आपण स्वतः प्रसिद्ध करणार आहात तेथील अटीही एक करारच आहेत. मोठ्या समाजमाध्यमांच्या अटींत मालकी लेखकाकडे राहते, पण त्या कंपन्यांना जगभर, विनामोबदला, पुढे इतरांना देता येईल असा अनन्य नसलेला परवाना मिळतो. हे बहुतेक लेखकांना चालण्यासारखे आहे. अनन्य परवाना किंवा पुढील पुस्तकाच्या प्रकाशनाचा पहिला अधिकार मागणाऱ्या मंचांबाबत मात्र थांबून विचार करा. विकिपीडियासारख्या प्रकल्पावर किंवा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आपण होऊन दिलेला मजकूर नंतर मागे घेता येत नाही. लोकांनी मुक्तपणे वापरावा अशीच इच्छा असेल तर तो उत्तम मार्ग आहे, अन्यथा नाही. शिवाय कितीतरी स्पर्धांची आणि दिवाळी अंकांची अट असते की साहित्य पूर्वी कोठेही, समाजमाध्यमांवरही, प्रसिद्ध झालेले नसावे. ज्या कथा अंकासाठी पाठवायच्या आहेत त्या आधी टाकू नका, आणि अंकाला देताना त्या एकदा छापण्याचीच परवानगी देत असल्याचे ईमेलमध्ये एका वाक्याने लिहा. अंकाच्या पहिल्या पानावर सर्व हक्क राखून ठेवल्याची ओळ छापली म्हणून बाहेरच्या लेखकाचा हक्क संपादकाकडे जात नाही.

आपल्या कादंबरीत दुसऱ्याचे काही आले आहे का, हेही प्रसिद्धीपूर्वी तपासणे आवश्यक आहे. प्रकरणाच्या आरंभी घेतलेल्या चित्रपटगीताच्या ओळी, एखाद्या कवीची अख्खी कविता, इंटरनेटवरून घेतलेले छायाचित्र, यांपैकी प्रत्येकासाठी परवानगी लागू शकते. समीक्षा किंवा परीक्षण करताना केलेला वाजवी वापर कलम ५२ खाली चालतो, परंतु कथेला सजावट म्हणून घेतलेल्या ओळी त्यात सहज बसत नाहीत. परंपरेने चालत आलेल्या जात्यावरच्या ओव्या किंवा अभंग सर्वांचे आहेत; मात्र त्यांच्या एखाद्या आधुनिक संकलनातील टिपा आणि प्रस्तावना त्या संपादकाच्या असतात.

इंटरनेटवरचा मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींना शिकवण्यासाठी वापरता येतो का, हा प्रश्न भारतात एएनआय या वृत्तसंस्थेने २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात केलेल्या दाव्यामुळे न्यायालयासमोर आला. स्वतःचे संकेतस्थळ असेल तर त्याच्या रोबोट्स फाइलमध्ये, म्हणजे मजकूर गोळा करणाऱ्या यंत्रांसाठी सूचना असलेल्या फाइलमध्ये, अशा यंत्रांना मनाई लिहून ठेवता येते आणि वापराच्या अटींत तसे नमूद करता येते. ही तांत्रिक मनाई पाळलीच जाईल असे नाही, पण लेखकाची संमती नव्हती हे तिच्यामुळे नोंदले जाते.

परदेशात राहणाऱ्या मराठी लेखकांसाठी एक वेगळी गोष्ट. अमेरिकेत राहून तेथेच प्रथम प्रसिद्ध केलेल्या कृतीसाठी तेथील न्यायालयात दावा लावण्यापूर्वी अमेरिकी कार्यालयाची नोंदणी पूर्ण झालेली असावी लागते. केवळ अर्ज पुरत नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले. भारतात प्रथम प्रसिद्ध झालेल्या भारतीय कृतीला ही अट नाही, परंतु कायद्याने ठरवलेली ठोक भरपाई आणि वकिलाचा खर्च मागण्यासाठी वेळेवर केलेली नोंदणी तिलाही लागते.

एवढे करूनही कोणी लेखन उचललेच, तर पहिले काम तक्रारीचे नसून पुरावा गोठवण्याचे आहे. चोरलेल्या पानाचा पूर्ण पत्ता, दिनांक, वेळ, खात्याचे नाव आणि संपूर्ण मजकूर दिसेल अशी प्रत जतन करा. व्हिडिओ असेल तर तो उतरवून घ्या. संतापाने खाली टिप्पणी केली की समोरचा पान काढून टाकतो आणि पुरावाही जातो. त्यानंतर मंचाकडे लेखी तक्रार करावी. प्रताधिकार नियम, २०१३ च्या नियम ७५ नुसार तिच्यात कृतीचे वर्णन, आपली मालकी, उल्लंघन नेमके कोठे आहे आणि तो वापर कायद्यातील अपवादांत का बसत नाही, हे लिहावे लागते. योग्य तक्रार मिळाल्यावर ३६ तासांत कार्यवाही अपेक्षित असते, पण २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश सादर केला नाही तर मजकूर पुन्हा खुला होऊ शकतो. मोठे अमेरिकी मंच त्यांच्या १९९८ च्या डीएमसीए (डिजिटल मिलेनियम कॉपीराइट अॅक्ट) या कायद्याखालील मजकूर काढण्याचे अर्ज स्वीकारतात आणि व्यवहारात तो मार्ग सर्वांत जलद ठरतो. त्या अर्जात काही विधाने शपथेवर असतात, म्हणून जे आपले नाही त्यावर दावा करू नये. समोरच्याने प्रतिउत्तर दिले आणि आपण दावा लावला नाही, तर तेथेही मजकूर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत परत येतो.

न्यायालयात जायची वेळ आली तर कलम ६२ लेखकाच्या बाजूने आहे: चोरी करणारा कोठेही असो, आपण जेथे राहता तेथील सक्षम न्यायालयात दावा लावता येतो. मनाई हुकूम, नुकसानभरपाई आणि समोरच्याने मिळवलेल्या नफ्याचा हिशेब मागता येतो. भरपाईच्या दाव्याची मुदत उल्लंघनापासून ३ वर्षे आहे. जाणूनबुजून केलेले उल्लंघन कलम ६३ नुसार गुन्हाही आहे; त्याला ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे, आणि तो दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. तरी साध्या प्रकरणात मी आधी दिवाणी मार्ग सुचवतो, कारण लेखकाला बहुधा मजकूर लवकर उतरायला हवा असतो आणि नाव परत हवे असते.

नावाचा हक्क तर विकूनही संपत नाही. कलम ५७ नुसार कृती आपली आहे असे सांगण्याचा आणि तिची मोडतोड करून आपली प्रतिष्ठा घालवली जात असेल तर तिला हरकत घेण्याचा हक्क, बाकी सारे हक्क दिले तरी, लेखकाकडे राहतो. विज्ञान भवनातील आपले भित्तिशिल्प काढून त्याची नासाडी केल्याबद्दल शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी सरकारविरुद्ध दावा केला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याच कलमाच्या आधारे शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. व्हॉट्सअॅपवर आपली कविता निनावी किंवा एखाद्या थोर कवीच्या नावावर फिरताना दिसली तर हेच कलम लागू होते. तेथे हजार माणसांना नोटीस देणे शक्य नसते. मूळ कविता प्रथम प्रसिद्धीच्या तारखेसह ज्या पानावर आहे त्याचा दुवा देऊन ज्यांच्याकडून ती आली त्यांना सभ्यपणे कळवावे, आणि कायदेशीर कारवाई ज्या पानाने, वाहिनीने किंवा प्रकाशकाने ती छापली वा पैसे मिळवायला वापरली त्यांच्यापुरती ठेवावी. नोटीस पाठवण्यापूर्वी आपला पुरावा वकिलाला दाखवून घ्या, कारण निराधार धमकीविरुद्ध कलम ६० खाली समोरच्यालाही दावा करता येतो.